पाटीवरचा प्रश्न

पाण्याखाली बघायला मला एका निवृत्त शिक्षिकेनं शिकवलं. पोहायला शिकवलं वडिलांनी, मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर. पाठीवर टाकी बांधून श्वास घ्यायला शिकवलं तारकर्लीच्या एका प्रशिक्षकानं. पण बघणं ही वेगळी विद्या आहे. ती मला मिळाली स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट अ‍ॅब्स नावाच्या लहानशा बंदरात, हिवाळ्याअखेर ५-६ अंशांवर उतरणाऱ्या पाण्यात. अजूनही मी ती त्या शिक्षिकेकडून घेतेच आहे. हे देणं फेडायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

शाळेत जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणते. तोंडावर तिथल्या रीतीप्रमाणे नावानं हाक मारते. नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते रुचणार नाही.

नोकरीसाठी एडिंबराला आले तेव्हा समुद्र जवळ आहे एवढाच काय तो धीर होता. डायव्हिंग क्लबात नाव घातलं, ड्रायसूट वापरायला शिकले आणि दर वेळी गारठून वर येत राहिले. मग क्लबाच्या फलकावर सीसर्चच्या प्रशिक्षणाची सूचना दिसली. सीसर्च म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर हौशी पाणबुड्यांनी समुद्रतळाच्या नोंदी करण्याचा उपक्रम. तो १९८० च्या दशकात सुरू झाला. मरीन कॉन्झर्वेशन सोसायटी इतर संस्थांना बरोबर घेऊन त्याची जुळणी करते. पैसे कुणाला मिळत नाहीत, बोटीचं भाडंही ज्याचं त्यानं द्यायचं. बाई तिथे शिकवायला होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला सांगितलं, "मासे पळून जातात. जे पळत नाही ते आधी शिका."

मालवणला मी पाणी बघायचे. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं, माशांचे थवे अंगावरून जातात, नजर आपोआप त्यांच्यामागे धावते. उत्तर समुद्रात नजर खडकाकडे वळवावी लागते, कारण सगळा संसार खडकावर आहे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. हिवाळ्यातली वादळं तळाशी साचलेली पोषकद्रव्यं घुसळून वर आणतात. वसंतात ऊन वाढलं की त्यावर सूक्ष्म वनस्पती इतक्या फोफावतात की मे महिन्यात पाणी हिरवं गढूळ होतं आणि पुढे पसरलेला हात नीट दिसत नाही. डायव्हर लोक त्या दिवसांत कुरकुर करतात. बाईंनी कधी केली नाही. "खडकावरच्या सगळ्यांचं हे वर्षाचं जेवण आहे," त्या म्हणायच्या आणि शांतपणे पाण्यात उतरायच्या. एकाच जागी चिकटून बसून, पाणी जे आणील ते गाळून खाणारे हे जीव आहेत. पाणी भरपूर आणतं म्हणून खडकाचा तसूभरही भाग मोकळा राहत नाही. एक बसतो, त्याच्यावर दुसरा चढतो, दुसऱ्याच्या अंगावर तिसरा अंडी घालतो.

आधी त्यांनी आम्हाला जातीच्या नावांच्या वाटेला जाऊच दिलं नाही. नुसते मोठे गट. ज्याला दोन तोंडं आहेत, एक पाणी आत घेणारं आणि एक बाहेर टाकणारं, आणि पाणी हललं की जे अंग आवळून घेतं, ते सी-स्क्वर्ट. ज्याच्या अंगभर भोकं आहेत आणि जे दचकत नाही, तो स्पंज. केल्प या समुद्री शेवाळाच्या पानावर चुन्याची बारीक जाळी पसरलेली दिसली तर ती सी-मॅट. तिच्या प्रत्येक घरात एक जीव राहतो. जे झाडाच्या फांदीसारखं दिसतं पण भिंगाखाली ज्याला तोंडं दिसतात, ते हायड्रॉइड. हा प्राणी आहे हे पटायलाच मला कितीतरी दिवस लागले. दुकानात मिळणारी रंगीत चित्रांची पुस्तकं या टप्प्यावर उघडायची नाहीत, अशी त्यांची सक्त ताकीद होती. चित्राशी चित्र जुळवणारा माणूस प्राण्याकडे बघत नाही, तो रंगाकडे बघतो, आणि पाण्याखाली रंगाचा भरवसा नाही, हे त्यांचं सांगणं. काही मीटर खाली गेलं की तांबडा रंग आधी जातो. टॉर्च मारेपर्यंत सगळं हिरवट करडं असतं. टॉर्च मारला की केशरी, गुलाबी, जांभळं एकदम समोर येतं आणि माणूस बघायचं सोडून हरखून जातो.

सेंट अ‍ॅब्सच्या धक्क्यापासून थोड्याच अंतरावर कॅथीड्रल रॉक नावाचा खडक आहे. त्याच्या पोटात एक कमान आहे. या किनाऱ्यावर १९८४ मध्ये स्वयंसेवी सागरी राखीव क्षेत्र ठरवलं गेलं. तिथे मच्छीमार आणि पाणबुडे आपसात ठरवलेले नियम पाळतात. त्या कमानीच्या भिंतीसमोर बाईंनी मला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं थांबवलं. जोडीदार म्हणून त्या माझ्याबरोबर होत्या. मी पुढे निघाले तसा त्यांनी माझा दंड धरला आणि खडकाच्या एका खाचेकडे बोट केलं. तिथे हायड्रॉइडचा झुपका होता. त्याच्या मुख्य दांड्याला स्क्रूसारखा पीळ होता आणि त्या पिळाच्या कडेनं बारीक फांद्या फुटलेल्या होत्या. मला तेवढंच दिसलं. बाई हलल्या नाहीत. मी खाली सरकले, पोट खडकाला लागणार नाही इतकी, आणि टॉर्च बाजूनं धरला. मग दिसला. जिऱ्याएवढा, पांढुरका. पाठीवर गाठाळ बोंडांच्या दोन रांगा, डोक्यावर दोन बारीक शिंगं, आणि प्रत्येक शिंग तळाशी एका उभट म्यानात बसवलेलं. शेजारी दांड्यावर त्याचीच अंडी, वळणावळणानं घातलेली पांढरी फीत.

न्यूडिब्रँक. म्हणजे शंख टाकून दिलेली समुद्री गोगलगाय. मी पाण्याखाली लिहायची पाटी पुढे केली आणि प्रश्नचिन्ह काढलं. बाईंनी पेन्सिल घेतली आणि नावाऐवजी एक प्रश्न लिहून पाटी परत दिली: कशावर बसलाय?

त्या प्रश्नाचा अर्थ मला संध्याकाळी कळला. तो प्राणी डोटो गटातला होता. या गटातले बरेच जण दिसायला एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की नुसत्या रंगरूपावरून ते वेगळे काढणं जड जातं. १९७६ मध्ये हेनिंग लेमके या डॅनिश संशोधकानं ब्रिटनमधल्या डोटोच्या नव्या जाती वर्णन केल्या. कोण कुठल्या हायड्रॉइडवर जगतो ही त्यांना ओळखण्याची मोठी खूण ठरली. जो ज्याच्यावर बसतो तो बहुधा त्यालाच खातो, त्याच्यावरच अंडी घालतो. तो पीळदार हायड्रॉइड होता हायड्रालमॅनिया, आणि त्याच्यावर राहणाऱ्या डोटोला १९९२ मध्ये त्या हायड्रॉइडचंच नाव मिळालं: डोटो हायड्रालमॅनिए. म्हणजे जिऱ्याएवढ्या प्राण्याला ओळखायचं तर आधी तो ज्या घरात राहतो ते घर ओळखता आलं पाहिजे. हायड्रॉइड शिकण्याचा कंटाळा करणाऱ्याला न्यूडिब्रँक कधीच भेटणार नाहीत. मी त्या हिवाळ्यात हायड्रॉइड शिकले.

पण त्या संध्याकाळी सीसर्चच्या फॉर्मवर हे नाव लिहायला बाईंनी मला मनाई केली. "तू त्याला हातभर अंतरावरून, जाड हातमोजे घालून, टॉर्चच्या उजेडात पाहिलंस. फोटो धूसर आहे. जेवढं पाहिलंस तेवढं लिही." मग आम्ही लिहिलं: डोटो, जात निश्चित नाही, हायड्रालमॅनियावर, अंड्यांसह. त्या एका ओळीवर त्यांनी जो वेळ घालवला तो मी विसरणार नाही. पुढे कुणीतरी त्याच जागी चांगला फोटो घेईल, तेव्हा आपली ओळ त्याच्या कामी येईल. चुकीचं नाव लिहिलं तर मात्र ते नाव नोंदींच्या साठ्यात जाऊन बसेल आणि कुणीतरी त्यावर विश्वास ठेवील. त्यांनी हे रागानं सांगितलं नाही, पण त्यांच्या आवाजात जी कळकळ होती ती मला थेट लागली. गोगलगायीच्या नावासाठी एखादं माणूस इतकं मनापासून झटू शकतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

फॉर्म भरणं हा त्यांच्या शिकवणीचा अर्धा भाग होता. डायव्ह संपला की बंदरावर गरम सूप, आणि लगेच वह्या उघडायच्या. बोटं सुन्न असतानाच लिहायचं, कारण घरी पोचेपर्यंत डोळ्यांपुढचं अर्धं पुसून जातं. खोली लिहायची ती मनगटावरच्या यंत्रात दिसली तशी नाही. त्या घटकेची भरतीची उंची वजा करायची, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघता येतात. तळ कसा होता: कातळ, गोटे, वाळू, चिखल, आणि किती टक्के. मग एकेका जीवापुढे सहांपैकी एक अक्षर, खच्चून भरलेला इथपासून क्वचित इथपर्यंत. नवशिका माणूस फक्त दुर्मीळ गोष्टी लिहितो. बाई आधी सगळ्यांत सामान्य गोष्टी लिहून घ्यायच्या. त्यांचं म्हणणं असं की एखादी गोष्ट सगळीकडे आहे म्हणून कुणीच लिहून ठेवली नाही, तर ती नाहीशी झाल्यावर ती कधी होती हे सिद्ध कशानं करणार?

म्हणूनच त्यांनी मला वर्षभर डेड मेन्स फिंगर्सकडे बघायला लावलं. कॅथीड्रल रॉकची भिंत या मऊ प्रवाळानं पांढरी-केशरी भरलेली असते. तिथे येणारा प्रत्येक डायव्हर ते बघतो आणि पुढे जातो. एकच वसाहत धरायची, तिच्याशेजारची खूण लक्षात ठेवायची, आणि जेव्हा जेव्हा उतरशील तेव्हा तिचं चित्र काढायचं, असं काम त्यांनी मला दिलं. वसंतात ती फुललेली होती, प्रत्येक तोंडाला आठ भुजा, प्रत्येक भुजेला दोन्ही बाजूंना बारीक दाते, आणि सगळी मिळून दुधाळ लव. उन्हाळा सरता सरता ती मिटली. मिटली ती उघडेचना. शरदात तिच्यावर तपकिरी-तांबूस शेवाळाची पुटं चढली. मला वाटलं, मेली. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, चित्र काढत राहा. डिसेंबर उलटल्यावर, समुद्र उतरू देईल अशा एका दिवशी आम्ही गेलो, तर भिंत पुन्हा पांढरी होती. वर्षातले काही महिने हे प्रवाळ खाणं थांबवून मिटून बसतं, मग वरची कात टाकतं, आणि हिवाळ्याच्या ऐन थंडीत बीज सोडतं. हे पुस्तकात आहे, एका वाक्यात. पण तो मिटण्या-उघडण्याचा क्रम माझ्या वहीत माझ्या हातानं उतरला, आणि तो उतरवून घेण्यासाठी कुणीतरी मला वर्षभर उत्तर दिलं नाही, हे माझं भाग्य.

मासेही भेटले, भेटतातच. कपारीतून सुरकुतलेला करडा चेहरा बाहेर काढून बघणारा वुल्फफिश, समुद्री साळिंदरं आणि खेकडे दातांनी फोडून खाणारा. हा गार पाण्याचा मासा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पाणबुड्यांना तो भेटत नाही. काळ्या ठिपक्यांची रांग पाठीवर मिरवणारा बटरफिश. पण मला जडला तो लंपसकर. वसंतात मादी उथळ पाण्यात खडकावर अंडी घालून निघून जाते. तांबूस झालेला नर पोटाखालच्या चकतीनं खडकाला चिकटून कित्येक आठवडे अंड्यांजवळ बसतो, तोंडानं आणि परांनी त्यांच्यावर पाणी खेळवतो. उधाण आलं तरी जागा सोडत नाही. मी त्याच्यासमोर तरंगत होते तेव्हा लाटेनं आम्हा दोघांनाही हलवलं. मी हातभर मागे गेले. तो जिथे होता तिथेच होता, डोळा फिरवून माझ्याकडे बघत. बाईंनी वर आल्यावर विचारलं, अंड्यांचा रंग कुठला होता? मला सांगता आला. अंडी जसजशी पिकतात तसतसा रंग बदलतो, म्हणून तो लिहायचा असतो.

या सगळ्या खटाटोपाचं मोल मला २०१७ मध्ये दिसलं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉख कॅरन म्हणून एक आखात आहे. तिथे फ्लेम शेल नावाचे शिंपले राहतात. अंगाभोवती केशरी भुजांची झालर असते, पण ती सहसा दिसतच नाही. आपल्याच धाग्यांनी खडी आणि शिंपा बांधून ते घरटं करतात आणि त्यात दडतात. घरट्याला घरटं जोडत तळाचा गालिचा होतो, आणि त्या गालिच्यावर इतर शेकडो जीव वस्तीला येतात. ओळखता न येणाऱ्याला तिथे फक्त खडबडीत तळ दिसेल. त्या एप्रिलमध्ये स्कॅलप या शिंपल्यांसाठी तळ खरवडणारी जाळी तिथून फिरली. तेव्हा त्या जागी ते बेकायदा नव्हतं. स्थानिक पाणबुडे खाली उतरले, उखडलेला गालिचा चित्रित करून आणला. इथे काय होतं हे ते सांगू शकले, कारण आधी तिथे उतरलेल्यांना ते ओळखता आलं होतं आणि त्यांनी लिहून ठेवलं होतं. मे महिन्यात सरकारनं तातडीनं ते क्षेत्र संरक्षित केलं, नंतर नीट पाहणी झाली, आणि जगातली ज्ञात असलेली सर्वांत मोठी फ्लेम शेलची वस्ती तिथेच असल्याचं दिसून आलं: सुमारे २५ कोटी शिंपले. २०१९ मध्ये संरक्षण कायम झालं. अ‍ॅरन बेटावरही असंच घडलेलं आहे. डॉन मॅकनीश आणि हॉवर्ड वूड या दोन पाणबुड्या मित्रांनी आपल्या डोळ्यांदेखत ओस पडणारा तळ पाहून १९९५ मध्ये चळवळ उभी केली, आणि २००८ मध्ये लॅमलॅश उपसागराचा एक भाग मासेमारीला पूर्ण बंद झाला. वूड यांना २०१५ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. ते कुठल्या विद्यापीठातले संशोधक नव्हते.

लॉख कॅरनची बातमी आली त्या दिवशी बाईंचा फोन आला होता. त्या पूर्वी तिथे उतरलेल्या. फार बोलल्या नाहीत. "आपण लिहितो ते कुणी वाचत नाही असं वाटलं तर हे आठव," एवढंच म्हणाल्या.

आता त्या पाण्यात उतरत नाहीत. हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी डायव्हिंग बंद केलं. त्या वेळी त्यांनी मला घरी बोलावून बर्नार्ड पिक्टन आणि क्रिस्टीन मॉरो यांचं ब्रिटिश न्यूडिब्रँकचं १९९४ चं पुस्तक दिलं, त्यांचं स्वतःचं, मिठाच्या पाण्यानं फुगलेलं. जवळजवळ प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीनं टिपणं आहेत: जागा, महिना, खोली, आणि जिथे तिथे "कशावर". काही टिपणांपुढे प्रश्नचिन्ह आहे आणि ते पुढे खोडलेलंही नाही. इतक्या वर्षांत ज्याची खात्री पटली नाही ते त्यांनी तसंच राहू दिलं. हे पुस्तक मी डायव्हला नेत नाही, पण कुठलाही फॉर्म त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय पाठवत नाही.

मागे भारतात गेले होते तेव्हा ओहोटीच्या वेळी मुंबईत हाजीअलीच्या खडकांवर गेले. तिथे २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमाची मंडळी लोकांना किनाऱ्यावर फिरवून जीव दाखवतात, नोंदी ठेवतात. पाणी कोमट, वास वेगळा, आजूबाजूला गाड्यांचा आवाज. एका डबक्यात शाळकरी मुलगी ओणवी होऊन न्यूडिब्रँक बघत होती. "ताई, याचं नाव काय?" तिनं मला विचारलं. मला त्या उष्ण पाण्यातली जात ठाऊक नव्हती. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले आणि तो कशावर बसलाय ते आधी बघू या म्हटलं. आम्ही बघत बसलो. स्पंज होता, तिनंच भोकं शोधून काढली. त्या रात्री मी बाईंना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं त्यात कौतुकाचा एक शब्द नव्हता, प्रश्न होते: ओहोटी किती मीटरची होती, स्पंजचा रंग कुठला, मुलीनं लिहून घेतलं का. तिनं लिहून घेतलं होतं.

सध्या आमच्यात एका पिवळ्या स्पंजचं प्रकरण चालू आहे. सेंट अ‍ॅब्सजवळच्या एका उभ्या कड्याच्या सावलीत तो पातळ थरानं पसरला आहे. फोटोवरून त्याचं काही ठरत नाही. पिवळे, पातळ पसरणारे स्पंज अनेक आहेत. त्यांची खरी ओळख अंगातल्या सूक्ष्म काट्यांच्या आकारावरून पटते. त्यासाठी नखाएवढा तुकडा परवानगीनं आणायचा, ब्लीचमध्ये टाकून मांस विरघळू द्यायचं, उरलेले काचेचे काटे धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे. सूक्ष्मदर्शक बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, आणि क्लबातल्या इतरांचे नमुनेही आता तिथेच येतात. तुकडा मी शनिवारी आणला, बाटलीवर जागा, खोली आणि तारीख लिहून ठेवली आहे. गुरुवारी संध्याकाळी बसायचं ठरलंय. त्यांच्याकडचं ब्लीच संपलंय, ते मी वाटेत घेणार आहे.